डावीकडे दबलेली सीट

रविवारी सकाळी आमच्या पडवीत तीन म्हातारे सायकलींवरून भांडायचे. म्हातारे म्हटलेलं तिघांनाही खपत नसे आणि त्या तिघांत एक माझा नवरा होता, तरी मी तोंडावर म्हणायचे. नातवंडं खेळवायच्या वयात मडगार्डच्या वळणावरून जे एकमेकांशी आठवडाभर अबोला धरतात, त्यांना दुसरं काय म्हणणार?

भांडण नेहमी एकच. सगळ्यात सुंदर सायकल कुठली? पोस्टमनची असते तसली साधी, काळी, उंच सायकल या वादात येतच नसे. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे जुनी, अमेरिकन, जाड फुगीर टायरची. पुढच्या मडगार्डवर माशाच्या तोंडासारखा निमुळता दिवा, मागे कॅरियर, आणि दोन नळ्यांच्या मधे मोटारसायकलला असते तशी टाकी. पहिल्यांदा ती टाकी बघून मी विचारलं होतं, "यात काय भरायचं?"

"काय नाय गो. शोभेची आहे," नवरा म्हणाला.

नुसत्या शोभेपायी एवढं लोखंड वागवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तेव्हाच झालं.

आमचे हे जहाजावर फिटर होते. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. आमच्या आळीत तसली घरं पुष्कळ. कुणाचा नवरा येताना रेडिओ आणी, कुणाचा अत्तरं, कुणाचा साड्या. आमच्याकडे एका सुट्टीत गोणपाटात गुंडाळलेलं एक भलंमोठं गाठोडं उतरलं. मला वाटलं, शिवणयंत्र. शिवणयंत्र मी मागितलं होतं. सुतळ्या सोडल्या तर आतून लाल-पांढरी सायकल निघाली, सुटी केलेली. कुठल्याशा अमेरिकन बंदरात एका घराबाहेर टाकून दिलेली यांना दिसली. घरातल्या म्हाताऱ्याने "ने" म्हटलं आणि यांनी ती आणली. इंजिनरूमच्या कोपऱ्यात बांधून, अर्ध्या जगाला वळसा घालून. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांनी ती जोडली आणि मला म्हणाले, "बस मागे." मी बसले. भाट्याच्या पुलावर सुटलेल्या वाऱ्यात ती सायकल जराही आवाज न करता चालली, तेव्हा मी माझा राग आवरता घेतला. पण तसं बोलून दाखवलं नाही.

सायकल पुरी होती, फक्त सीट नव्हती. यांनी बाजारातून साधी चामड्याची सीट आणली, आपल्या काळ्या सायकलींना असते ती, आणि तात्पुरती म्हणून बसवली. ती तात्पुरती सीट त्यांच्या शेवटापर्यंत राहिली.

पुढे बोटीवर यांच्या उजव्या मांडीवर लोखंडी झाकण पडलं. हाड जुळलं, पण बसण्यातला वाकडेपणा राहिला. खुर्चीत, पाटावर, कुठेही बसले तरी सगळा भार डावीकडे. नोकरी सुटल्यावर ते रोज सकाळी त्या सायकलवरून मिरकरवाड्याला मासळी आणायला जायचे. अमेरिकन हँडलला बांगड्यांची पिशवी. वर्षानुवर्षं तसं बसून बसून त्या सीटचं चामडं डावीकडे दबत गेलं. मागून पाहिलं की एक बाजू उंच, एक खोल. आळीतली पोरं म्हणायची, आजोबांची सीट झोपलीय.

बाकीचे दोघे कुठून आले? सायकलीनेच आणले. एक चित्रकलेचे निवृत्त मास्तर. ते एकदा मासळीबाजारात यांच्या सायकलकडे बघत उभे राहिले, ते पापलेट घ्यायचं विसरून यांच्याबरोबर घरी आले. त्यांच्याकडे तसलीच एक होती, फिकट हिरवी, कोल्हापूरच्या जुन्या बाजारात मिळालेली. दुसरे बागवाले, गुहागरचे. नारळी-पोफळीची बाग, आवाज फेरीबोटीच्या भोंग्यासारखा. तवसाळला बोटीत चढायचे, जयगडला उतरायचे, आणि रविवारी दहाच्या आत आमच्या पडवीत. त्यांची सायकल निळी, मुंबईतल्या एका मोडलेल्या बंगल्यातून आणलेली. सगळ्या जिल्ह्यात अशा सायकली या तिघांकडेच, असा तिघांचाही ठाम समज होता. तो खोटा पाडायला कोणी आलं नाही.

मग वाद. मास्तर बोटाने हवेत रेघ काढायचे. "मागच्या मडगार्डपासून पुढच्या दिव्यापर्यंत रेघ एका श्वासात गेली पाहिजे. माझ्या सायकलची जाते. तुझी टाकीपाशी अडखळते."

"रेघ घेऊन काय चाटायचीय?" बागवाले म्हणत. "रंग बघा रंग. कारखान्यातला, जसाच्या तसा. एक टवका नाय. वयनी, तुमीच सांगा, निळा रंग कसा दिसतो?"

"डोळ्यांत खुपतो," मी आतून सांगायचे. त्यांना ते आवडायचं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे.

आणि आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "अरे मेल्यांनो, चालवता का कधी? काठावर ओढून ठेवलेली होडी सुंदर कसली? माझी रोज पाण्यात जाते."

त्यावर मास्तर चष्मा पुसत, अगदी हळू, "ते सगळं मान्य. पण सीट खोटी."

झालं. यांचा चेहरा पडायचा. खोटी म्हणजे त्या सायकलची नव्हे ती. खरी सीट रुंद, दोन रंगांची, खाली जाड स्प्रिंगांची असते, असं मास्तरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. ती मिळत नव्हती. यांनी बोटीवरच्या जुन्या सोबत्यांना विचारून पाहिलं, मुलीकडून कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. कधी तडकलेली सापडायची, कधी दुसऱ्याच सायकलची. "एकदा मिळू दे," हे म्हणायचे, "मास्तराचं तोंड कायमचं बंद करतो." मास्तरांचं तोंड बंद झालं असतं तर रविवारी सगळ्यात जास्त करमलं नसतं ते यांनाच. पण हे सांगायला गेलं तर मला सायकलीतलं काय कळतं!

या तिघांचे काही नियम होते. खुळे, पण देवाधर्मासारखे पाळायचे.

एक म्हणजे, मिरगाच्या आधीच्या रविवारी तिन्ही सायकली एकत्र आणायच्या आणि पावसासाठी बांधायच्या. आमच्याकडची खारी हवा लोखंड खाते. पावसाळ्यात तर खिळासुद्धा हातात भुगा होऊन येतो. म्हणून चेन उतरवायची, रिमा पुसायच्या, सगळ्याला तेलाचा हात द्यायचा, मग जुन्या धोतरात गुंडाळून वाशांना टांगायच्या. पण आपली सायकल आपण पुसायची नाही. आपल्या वस्तूचा गंज आपल्याला दिसत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. म्हणून यांची सायकल मास्तर पुसायचे, मास्तरांची बागवाले आणि बागवाल्यांची हे. त्या दिवशी वाद बंद. तिघेही हात काळे करून मुकाट बसलेले असायचे.

यांची सीट मास्तर काढायचे, खोबरेल चोळायचे आणि माझ्या हातात द्यायचे. चामड्याला पावसात बुरशी धरते. ती मी न्हाणीत पाणचुलीच्या वर, वाशाच्या तारेला अडकवायचे, आमसुलांच्या पाटीशेजारी. चार महिने ती धूर खायची. "आंघोळीला बसलं की डोक्यावर यांची सीट," असं मी सगळ्यांना सांगून हसवायचे. दसऱ्याला खाली काढली की तिला धुराचा आणि खोबरेलाचा वास यायचा, आणि पुढचे काही दिवस यांच्या लेंग्यालाही.

दुसरा नियम म्हणजे, खरा भाग मिळाला की खोटा घरात ठेवायचा नाही. ठेवला तर माणूस आळशी होतो, पुन्हा तोच बसवतो. म्हणून मास्तरांच्या मागीलदारी एक पोतं होतं. त्यात खोटे दिवे, खोटी पायडलं, खोट्या घंट्या. पोतं भरलं की हातखंब्याचा भंगारवाला न्यायचा. बागवाल्यांना त्यांचा खरा दिवा मिळाला तेव्हा जुना पोत्यात टाकायचा समारंभ झाला. यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिरा केला होता. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग हे आजारी पडले. पोटातलं दुखणं होतं, त्यावर लिहीत बसत नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मास्तर आणि बागवाले येऊन बसायचे. एकदा खाटेच्या दोन बाजूंना बसून निळ्या रंगावरून असे कडाडले की नर्सने दोघांना बाहेर काढलं. हे हसले. पोटाला हात धरून हसले. त्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नाही. दोघे दाराशी गेल्यावर हे म्हणाले, "मास्तरा, ती सीट मिळाली असती ना, तर तुला दाखवलं असतं." मास्तरांनी मागे वळून नुसती मान हलवली.

हे गेले ते दिवाळीनंतर.

लोक म्हणतात घर खायला उठतं. मला तसं काही झालं नाही. घर आपलं मुकाट होतं. त्रास झाला तो घर स्वच्छ झालं म्हणून. दिवसवार झाल्यावर जावेने आणि मुलीने, माझ्यावर मायेने, यांचं सगळं आवरलं. कपडे वाटून टाकले, चादरी-उशा धुवून उन्हात घातल्या, काठी कुणाला तरी दिली. मी झोपून उठले तर घरात त्यांचा वास कुठेच नाही. आरामखुर्चीचं कापडसुद्धा नवं, ताणून बसवलेलं. मुलगी पुण्याला परत गेली.

मग एका दुपारी केर काढताना मी पडवीच्या टोकाला गेले. सायकल उभी होती. कोणी तिला हात लावला नव्हता, कारण तिला हात लावायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. मी सीटवर फडकं फिरवलं आणि हात डावीकडच्या खळग्यात गेला. त्यांच्या बसण्याचा खळगा. तिथे माझा तळवा बरोबर मावला. मी केरसुणी हातात धरून तिथेच रडले. इतके दिवस लोकांसमोर रडले होते ते वेगळं. हे खरं रडणं.

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की मी तिथे जायचे. बोलायचे वगैरे नाही, मी तशी नाही. नुसता हात ठेवायचा. त्यांचा फोटो होता भिंतीवर, पण फोटोतला माणूस सरळ बसलेला होता, फोटोग्राफरने बसवलेला. माझा नवरा डावीकडे कलून बसायचा. तसा तो आता जगात एकाच ठिकाणी उरला होता. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. काय सांगणार? नवऱ्याच्या सायकलच्या सीटवर हात ठेवून बरं वाटतं, हे बाईमाणसाने बोलून दाखवायचं का?

वैशाख संपत आला तेव्हा मास्तर आणि बागवाले आले. दोघेही ओटीवर अवघडून बसले. पडवीत बसवेना. मास्तर म्हणाले, "वहिनी, मिरग जवळ आला. सायकल बांधायला हवी. या खेपेस गुहागरला नेतो, बागेत निवांत करतो. आठवड्यात आणून देतो."

"तो असता तर हितंच केली असती," बागवाले म्हणाले, आणि त्यांचा तो भोंग्यासारखा आवाज मधेच फुटला.

मी म्हटलं न्या. दुपारच्या हाताचं काय, असं मनात आलं, पण आठवड्याचाच तर प्रश्न. आणि नियम नियम होता. यांची सायकल पुसायचा हक्क मास्तरांचाच. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी न्हाणीत गेले, पाणचुलीवरची तार झटकली, तिच्यावरची जळमटं काढली आणि सीटची वाट बघत बसले.

ते आले रविवारीच, दहाच्या आत. टेम्पोतून सायकल उतरवली ती गुंडाळलेली. मला खळ्यात बोलावलं. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. बागवाल्यांनी तिच्यावरचं धोतर ओढून काढलं आणि दोघे बाजूला झाले.

सायकल इतकी सुंदर मी कधी पाहिली नव्हती. खरंच सांगते. लाल रंग झळकत होता, पांढऱ्या पट्ट्या दुधासारख्या, आणि मधोमध एक नवी सीट. रुंद, तपकिरी आणि पांढरी, खाली जाड स्प्रिंगा. मास्तरांनी कागदावर काढून दाखवली होती तीच.

"तो दवाखान्यात होता तेव्हाच मागवली होती," मास्तर सांगत होते. "अमेरिकेत एकाकडे सापडली, न वापरलेली. मुंबईत अडकून पडली. वेळेवर आली असती तर…" त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, मी आज त्याच्या दारात उभा राहून कबूल करतो. हीच. रेघ, रंग, सगळं. इतकी सुंदर सायकल मी बघितलेली नाही. वाद संपला."

"संपला," बागवाले म्हणाले. "माजी निळी गेली खड्ड्यात."

दोघेही माझ्याकडे बघत होते. वर्षानुवर्षांचं भांडण त्यांनी यांना जिंकून दिलं होतं. त्याहून मोठं त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुढे झाले. सवयीने हात डावीकडे गेला. तिथे काही नव्हतं. सीट घट्ट, सपाट, गार. दुकानातली. माझा हात तसाच राहिला, तळवा वाकवलेला.

"जुनी कुठंय?" मी विचारलं.

"ती खोटी?" बागवाले हसले. "ती गुहागरला नेतानाच घातली मास्तरांच्या पोत्यात, नियमाप्रमानं. मास्तरांनी टाकली, मी टाळ्या वाजवल्या. भंगारवाला नेऊन पन गेला."

मास्तर हसले नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते. जन्मभर पोरांना हाताचं चित्र काढायला शिकवलेला माणूस, हाताच्या खाली काय नाही ते त्यांना दिसलं. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पडत गेला.

मला गप्प बसता आलं असतं. आत जाऊन चहा ठेवता आला असता. पण मी म्हटलं, "अहो, त्यांना भंगारात घातलंत हो तुम्ही."

एवढं बोलून मी खळ्यातच खाली बसले. मग काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. उशा धुतल्या म्हणाले, खुर्ची ताणली म्हणाले, एवढंच उरलं होतं म्हणाले. बागवाले "वयनी, वयनी" करत नुसते उभे होते. मास्तर टेम्पोत जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

पुढचे रविवार कोणी आलं नाही. पाऊस लागला, वाड्यांतून पाणी वाहायला लागलं. ती सुंदर सायकल त्या दिवशी बागवाल्यांनी टांगली तशीच पडवीच्या वाशाला, धोतरात. मी तिच्याकडे बघत नसे. बागवाल्यांचा एकदा फोन आला. म्हणाले, मास्तर रोज हातखंब्याला जातायत. तो भंगारवाला चामडं वेगळं काढून पुढे देतो, पुढच्याकडे गेले, तो म्हणाला लांज्याला गेलं, लांज्याला गेले. "सांगून ऐकत नायत ओ. भिजतात. घरात बायको वरडते. तुमी तरी सांगा."

मी सांगितलं नाही. खरं तर मनातून वाटत होतं, शोधू देत. सापडली तर?

आणि आषाढात एका सकाळी मास्तर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, पाठीवर पोतं. वाकून आले, आणि वाकलेले पोत्यामुळे की कशामुळे ते कळेना. पडवीत त्यांनी पोतं उपडं केलं. सीटा. जुन्या, काळ्या-तपकिरी, काहींचं चामडं फाटलेलं, काहींना अजून स्प्रिंगा लटकत होत्या. त्यांनी त्या एकेक करून ओळीने मांडल्या. "जेवढ्या मिळाल्या तेवढ्या आणल्या. मला वाटतं यात आहे. तुम्ही बघा. तुमचा हात सांगेल."

मी जमिनीवर बसले. पहिल्या सीटवर हात ठेवला. ती मधोमध दबली होती, कुणी तरी जड माणूस. दुसरी पुढच्या टोकाला झिजलेली. एक उजवीकडे कललेली. प्रत्येक सीटवर कोणी ना कोणी बसलेला होता. कोण दूधवाला, कोण शाळेचा शिपाई, कोण तारवावरून घरी परतणारा खलाशी. हात फिरवता फिरवता मला त्या परक्या पुरुषांची अंगं कळत होती आणि लाजही वाटत होती. शेवटच्या सीटपर्यंत आले. नव्हती. त्यांची त्यात नव्हती. मग पहिल्यापासून पुन्हा सगळ्या चाचपल्या.

मी वर बघितलं. मास्तर खांबाला टेकून उभे होते. दोन्ही हात छातीशी जोडलेले, नखांत गंज भरलेला. ज्या हातांची रेघ एका श्वासात जायची ते हात. या माणसाने यांच्यावर माझ्याइतकाच जीव लावला होता, आणि माझ्या एका वाक्यावर महिनाभर भंगार उपसत फिरला होता. मी "नाही" म्हटलं असतं तर तो उद्या पुन्हा गेला असता. परवाही गेला असता. मला त्याचा राग यायला हवा होता. तो काही केल्या येईना.

मी ओळीतली एक सीट उचलली. त्यातल्या त्यात बऱ्या चामड्याची होती.

"ही," मी म्हटलं.

मास्तर खाली बसले. त्यांनी ती माझ्याकडून घेतली, मांडीवर ठेवली. दर मिरगाला यांची सीट त्यांनीच तर काढली होती. तेल त्यांनीच चोळलं होतं. तिच्या शिवणीचा प्रत्येक टाका त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनी डाव्या बाजूवर अंगठा फिरवला. तिथे खळगा नव्हता. अंगठा तिथेच थांबला.

"हो वहिनी," मास्तर म्हणाले. "हीच."

मग आम्ही दोघेही रडलो, एकमेकांकडे न बघता. थोड्या वेळाने त्यांनी खोबरेल मागितलं. मी वाटीत दिलं. त्यांनी ती सीट नेहमीसारखी चोळली, नेहमीसारखी माझ्या हातात दिली आणि मी ती न्हाणीत नेऊन पाणचुलीवरच्या तारेला अडकवली. उरलेल्या सीटा ते पोत्यात भरून घेऊन गेले. जाताना चहा घेतला.

रविवारी ते दोघे पुन्हा यायला लागलेत. पोहे खातात, पाऊसपाण्याचं बोलतात, बागवाले पोफळींच्या रोगाचं सांगतात. सगळ्यात सुंदर सायकल कुठली, हे आता कोणी काढत नाही. मीच एकदा मुद्दाम म्हटलं, निळा रंग डोळ्यांत खुपतो हो. बागवाल्यांनी मान हलवली, पण भांडले नाहीत. मास्तर निघण्याआधी हात धुवायचं निमित्त करून न्हाणीत जातात आणि जरा उशिराने बाहेर येतात.

मीही पाणी तापेपर्यंत तिथे उभी असते. वर हात केला की सीटला पोचतो. डावी बाजू सपाट आहे, जराशी मागे झिजलेली. हा कोण माणूस होता कुणास ठाऊक. मागे रेलून बसत असेल, निवांत. त्याच्या घरी कोणी आहे का, आणि ती कुठल्या तरी दुपारी केर काढताना ही शोधत असेल का, असं मनात येतं. मग मी हात काढून घेते आणि चुलीत लाकूड सारते.